जिन्यातले दोन लंबक आणि मिठाची डबी

एकतीस वर्षं मी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढली. शिकवायला नव्हते, साहित्य मांडून द्यायला होते. लंबकाचा प्रयोग म्हटला की अजून माझ्या कपाळावर आठी येते, कारण दरवर्षी शेकडो मुलं तोच लंबक हलवायची आणि जर्नलमध्ये ९.८ लिहून मोकळी व्हायची. मिरजेत गुरुत्वत्वरण ९.७८ च्या आसपास आहे. म्हणजे जो प्रामाणिकपणे मोजायचा त्याचं उत्तर ‘चुकायचं’ आणि जो उलटं गणित करून आकडे भरायचा त्याला पूर्ण मार्क. असो.

निवृत्तीनंतर तोच लंबक मी घरच्या जिन्यात टांगला, पण ९.७८ काढायला नाही. मला बघायचं होतं की लोखंड आणि मीठ पृथ्वीकडे अगदी सारखेच पडतात का. प्रश्न पोरकट वाटेल, पण आईनस्टाइनच्या सापेक्षतेचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. प्रत्येक वस्तू, कशाचीही बनलेली असो, सारखीच पडत असेल, तर पडणं हा वस्तूचा गुण राहत नाही, तो जागेचा गुण होतो. म्हणून तर म्हणता येतं की अवकाशकालच, म्हणजे जागा आणि वेळ यांचं मिळून एकच विणलेलं कापड, वक्र आहे आणि सगळे त्याच एका वाटेने चाललेत. लोखंडाची वाट वेगळी आणि मिठाची वेगळी निघाली, तर ती वक्रता नक्की कुणाची म्हणायची?

एक गोष्ट आधी मनात पक्की करा, कारण इथे एम.एस्सी. झालेलेही घसरतात. सममिती म्हणजे काहीतरी बदलून बघायचं आणि निकाल बदलत नाही हे तपासायचं. पण बदलायचं काय? उपकरण बदलायचं. कागदावरचे अक्ष बदलायचे नाहीत. तुम्ही जिन्यात उभे राहून लंबकाकडे मान तिरकी करून बघितलं तर लंबकाला काही फरक पडणार नाही, आणि त्यातून निसर्गाबद्दलही काही कळणार नाही. वक्र अवकाशकालात निर्देशक, म्हणजे जागा सांगणारे आकडे, हवे तसे बदलता येतात; ती सोय आपण लिहिण्यासाठी करून घेतलेली आहे. सममिती मोडते का हे बघायला लंबकच फिरवावा लागतो, किंवा त्यातला माल बदलावा लागतो. मान नव्हे, डबी फिरवा.

आता साहित्य.

दोन अगदी एकसारख्या प्लॅस्टिकच्या उभ्या डब्या घ्या. माझ्या ६ सेंटिमीटर व्यासाच्या आणि ९ सेंटिमीटर उंचीच्या आहेत, अडीचशे मिलिलिटरच्या. झाकणाच्या मधोमध एक आणि बुडाच्या मधोमध एक अशी आकडी बसवा. दोन्हीकडे हवी, का ते पुढे कळेल. एका डबीत काठोकाठ मीठ, साधारण ३०० ग्रॅम. दुसरीत तेवढ्याच वजनाचे सायकलच्या बेअरिंगचे छर्रे. डब्या एकाच आकाराच्या आणि एकाच वजनाच्या असणं हा या प्रयोगाचा प्राण आहे. लाकडाचा आणि लोखंडाचा गोळा घेऊन बसलात तर हवाच तुम्हाला फसवेल. हवा प्रत्येक वस्तूला थोडी वर उचलते. लाकडाच्या बाबतीत हा परिणाम हजारात दीड-दोन भाग असतो आणि लोखंडाच्या बाबतीत त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. मग तुम्ही ओरडाल, सममिती मोडली! मोडलेली नसते, हवा असते. डब्या सारख्या असल्या की हवेचं उचलणं आणि अडवणं दोन्हीकडे सारखं होतं.

ही युक्ती माझी नाही, न्यूटनची आहे. १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त त्याने लिहून ठेवलंय: दोन सारख्या लाकडी पेट्या, अकरा फुटांचे दोर, आणि आलटून पालटून सोनं, चांदी, शिसं, काच, वाळू, मीठ, लाकूड, पाणी आणि गहू. हजारात एक भाग इतकाही फरक असता तर दिसला असता, असं तो म्हणतो. मीठ मी तिथूनच उचललं. सोनं घालण्याचा विचार बोलून दाखवला तेव्हा आमच्या ह्यांनी नुसतं बघितलं.

तार महत्त्वाची. सुती दोरा लांबतो, नायलॉन पावसाळ्यात दमट होऊन आणखी लांबतो. मिरजेत राहण्याचा फायदा म्हणजे सतारीची पोलादी तार मिळते. ०.३ मिलिमीटरची तार रिळातून सहा मीटर कापून आणली. दुकानातल्या काकांनी तारेला फास घालायचा कसा तेही दाखवलं, सतारीच्या बुडाशी तार बांधायच्या लंगोटाला अडकवतात तसा: आकडीभोवती तार वळवून दोन्ही पदर एकमेकांवर सारखे पिळायचे, एक पदर सरळ ठेवून दुसरा त्याच्यावर गुंडाळायचा नाही. तसा गुंडाळलेला फास वजन लागलं की केसाकेसाने सरकत राहतो, आणि आपल्याला तर केसाचाच हिशोब करायचाय. ‘सूर कुठला लावणार?’ काकांनी विचारलं. सव्वातीन सेकंदाला एक झोका, म्हटलं. ते हसले नाहीत. असला सूर ऐकायला येणार नाही एवढंच म्हणाले.

वरचं टोक जिन्याच्या काँक्रीटच्या बीमला. भिंतीतल्या खिळ्याला नाही, पडद्याच्या रॉडला तर मुळीच नाही. दोन लंबक एकाच लेच्यापेच्या दांड्याला टांगले की दांड्यातून एकमेकांशी बोलायला लागतात. एकाचा झोका कमी होतो, दुसऱ्याचा वाढतो आणि दोघं एकमेकांची चाल ओढून घेतात. मी सुरुवातीला बांबूवर टांगले होते. दहा मिनिटांत मिठाची डबी जवळजवळ थांबली आणि छर्ऱ्यांची जोरात. बीममध्ये ६० सेंटिमीटर अंतरावर दोन फास्टनर ठोकून घ्या आणि तार इलेक्ट्रिशियनच्या पितळी कनेक्टरच्या स्क्रूखाली दाबा. लांबी मी अडीच मीटर ठेवली, बीमपासून डबीच्या मध्यापर्यंत. जाऊन परत यायला ३.१८ सेकंद लागतात.

झोका बीमला काटकोनात द्यायचा, म्हणजे दोन्ही डब्या शेजारी शेजारी समांतर झुलतात. मोबाइल बाजूला, बीमच्या रेषेत, स्टुलावर. डब्या स्थिर असताना कॅमेऱ्यात दोन्ही तारा एकावर एक येऊन एकच दिसल्या पाहिजेत. तारांना एकाच उंचीवर एक लाल आणि एक निळी कागदाची चिंधी चिकटवा, नाहीतर बारीक तार स्लो मोशनमध्ये दिसतच नाही. ट्यूबलाइट बंद करा, तिची लुकलुक चित्रात येते. दिवसाचा उजेड किंवा बॅटरीचा टॉर्च बरा.

डब्या १८-२० सेंटिमीटर मागे ओढून एका सपाट लाकडी पट्टीने दोन्ही एकदम धरा आणि पट्टी झटकन काढून घ्या. त्याहून जास्त ओढू नका. झोका मोठा असला की वेळ वाढतो: कोन ५ अंशांचा असेल तर दहा हजारात पाच भाग, १० अंशांचा असेल तर दहा हजारात एकोणीस. दोन्ही डब्यांचा कोन सारखा असेल तर हे वजा होऊन जातं, पण मुळात लहान असलेलं बरं. पट्टी काढताना एखादी डबी आधी सुटली तरी घाबरू नका. पहिल्या पाच झोक्यांचं स्लो मोशन चित्रण करा, मग शांतपणे मोजत बसा, आणि दोनशे झाले की शेवटच्या पाचांचं करा. सुरुवातीला मध्यरेषा ओलांडताना दोघांत किती फ्रेमचं अंतर होतं ते शेवटच्या अंतरातून वजा करायचं. सेकंदाला २४० फ्रेम असतील तर एक फ्रेम म्हणजे ४ मिलिसेकंद. दोनशे झोके म्हणजे ६३५ सेकंद. स्टॉपवॉच लागतच नाही, कारण आपण एका लंबकाचं घड्याळ दुसऱ्या लंबकाला लावतोय.

आता माझा शोध सांगते.

पहिल्याच रात्री लोखंड मागे पडलं. थोडंथोडकं नाही, एकशेसाठ झोक्यांत एक अख्खा झोका मागे. मी तारा बदलल्या. छर्ऱ्यांची डबी उजवीकडे, मिठाची डावीकडे. तरी लोखंडच मागे! तारेची चूक असती तर ती तारेबरोबर राहिली असती, ही तर मालाबरोबर फिरत होती. अकरा वाजता मी भाचीला फोन केला, ती बंगळुरूला भौतिकशास्त्रात पीएच.डी. करते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मावशी, छर्रे डबीत कुठे आहेत?’

छर्रे बुडाशी होते. तीनशे ग्रॅम छर्रे म्हणजे दोन सेंटिमीटरचा थर, आणि मीठ मात्र काठोकाठ. लोखंडाच्या डबीचा गुरुत्वमध्य मिठाच्या डबीपेक्षा तीन सेंटिमीटर खाली. म्हणजे तो लंबकच सव्वा टक्क्याने लांब, आणि त्याचा झोका ०.६ टक्क्याने सावकाश. एकतीस वर्षं मुलांना ‘लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोज’ म्हणून ओरडले होते.

तेव्हापासून छर्रे कापडात गच्च बांधून डबीच्या मध्यावर बसवते, वर आणि खाली सारखा थर्मोकोल. डबी आडवी करून पट्टीच्या धारेवर तोलून बघायची, मध्यावर तोलली पाहिजे. तरी मिलिमीटरभर इकडेतिकडे राहतंच. त्यासाठी बुडाची आकडी. डबी उलटी टांगली की गुरुत्वमध्य जो मिलिमीटरभर खाली होता तो तेवढाच वर जातो. चूक पुसली जात नाही, तिचं चिन्ह बदलतं, आणि दोन्हींची बेरीज केली की जाते. उलटी करायची तर दोन्ही डब्या एकदम करा, म्हणजे झाकण जड असलं तरी दोघांना सारखंच.

म्हणून मांडण्या चार. लोखंड डाव्या तारेवर आणि उजव्या तारेवर, प्रत्येक वेळी सुलटं आणि उलटं. लोखंड किती मिलिसेकंद मागे पडलं ते लिहायचं. पुढे गेलं तर उणे. माझे आकडे असे आले: डावीकडे सुलटं ३९०, उजवीकडे सुलटं उणे १०५, डावीकडे उलटं १३५, उजवीकडे उलटं उणे ३८०.

हे आकडे बघून पहिल्यांदा कुणालाही वाटेल की हा नुसता गोंधळ आहे. पण सावकाश वाचा. डावं-उजवं बदललं की आकडा सुमारे ५०० ने उडी मारतो, सुलटं असो की उलटं. याचा अर्थ डावी तार लांब आहे, सुमारे २ मिलिमीटरने. सुलटं-उलटं केलं की सुमारे २६० ची उडी. म्हणजे बांधणीत गुरुत्वमध्य अजून मिलिमीटरभर खाली आहे. कुठली अदलाबदल केल्यावर काय हललं एवढ्यावरून प्रत्येक चुकीचं नाव आणि गाव सापडतं. चारही आकड्यांची बेरीज ४०, सरासरी १० मिलिसेकंद. कशानेही न हलणारं ते हे दहा. लोखंड खरंच वेगळं पडत असेल तर ते याच्यात असणार.

आता हे दहा खरे का? तीच मांडणी तीनदा करून बघितली, तर आकडा ४० मिलिसेकंदांपर्यंत इकडेतिकडे होतो. फास सुटून पुन्हा अडकवला की एवढं होणारच. दहाचं उत्तर आणि चाळीसची शंका, म्हणजे शून्यच समजायचं. गणित सोपं आहे: ४० मिलिसेकंद भागिले ६३५ सेकंद, आणि त्याची दुप्पट, कारण झोक्याचा वेळ त्वरणाच्या वर्गमुळाने बदलतो. उत्तर दहा हजारात सव्वा भाग. लोखंड आणि मीठ एवढ्या अचूकतेपर्यंत सारखेच पडतात. न्यूटनच्या आकड्यापेक्षा हे आठपट बारीक आहे. त्यात माझं कर्तृत्व काही नाही, त्याच्याकडे मोबाइल नव्हता.

अहंकार होऊ नये म्हणून पुढचा इतिहास ठेवा लक्षात. जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलने १८३२ मध्ये लंबकानेच साठ हजारात एक भागापर्यंत मजल मारली. मग हंगेरीत एओटवॉशने झोका सोडून दिला आणि पीळ धरला: बारीक तारेला आडवी दांडी, दोन टोकांना दोन पदार्थ. पदार्थ वेगळे ओढले गेले तर दांडी फिरेल. त्याची आणि त्याच्या सहकाऱ्यांची मजल कोट्यवधीत एका भागापर्यंत गेली. आणि ‘मायक्रोस्कोप’ नावाच्या फ्रेंच उपग्रहाने, जो २०१६ मध्ये उडाला, टायटॅनियमचं आणि प्लॅटिनमच्या मिश्रधातूचं नळकांडं पृथ्वीभोवती पडत ठेवलं. २०२२ मध्ये त्यांचा शेवटचा निकाल आला: १ वर १५ शून्यं एवढ्या भागांत दोन-तीन भागांपर्यंत काहीही फरक नाही. त्यांनीही उपग्रह मुद्दाम स्वतःभोवती फिरवत ठेवला होता. माझी डबी उलटी करणं आणि त्यांचं ते फिरवणं, जात एकच.

इथवर माल बदलला. आता दिशा.

सापेक्षतेची दुसरी सममिती लॉरेन्ट्झच्या नावाने ओळखली जाते: अवकाशात कुठलीही दिशा लाडकी नाही, कुठलाही वेग लाडका नाही. वक्र अवकाशकालातही लहानशा जागेपुरतं हेच चालतं. पण समजा, अवकाशात कापडासारखा ताणा-बाणा असेल तर? कापड उभं ओढलं तर ताणत नाही, तिरपं ओढलं तर ताणतं. शिवणकाम करणाऱ्या कुणालाही विचारा. १९८९ मध्ये कोस्टेलेत्स्की आणि सॅम्युएल या भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवलं की स्ट्रिंग सिद्धांतात, म्हणजे मूलकणांना बारीक थरथरत्या तारा मानणाऱ्या सिद्धांतात, असा ताणा-बाणा आपोआप पडू शकतो, भोवरा शेवटी कुठल्यातरी एका बाजूला कलंडतो तसा. नियमात दिशा नसते, कलंडण्यात येते. आणि ‘आपोआप’ हा शब्द महत्त्वाचा. गुरुत्वाच्या समीकरणात वरून कुणीतरी दिशा ठोकून बसवली तर ती बहुतेक वेळा भूमितीच्याच नियमांशी भांडते: वक्रतेला स्वतःची शिस्त आहे, ऊर्जा आणि संवेग यांचा हिशोब जुळलाच पाहिजे. स्वतःहून कलंडलेली दिशा मात्र स्वतःही हालचाल करून तो हिशोब जुळवते. हे कोस्टेलेत्स्कीने २००४ मध्ये मांडलं. भाचीने मला ते तीनदा समजावलं, तिसऱ्यांदा भोवरा मीच सुचवला.

ही दिशा शोधायची तर प्रयोगशाळा फिरवायला हवी, आणि ते काम पृथ्वी फुकट करते. फक्त २४ तासांची वही ठेवू नका. २४ तासांत ऊन, वारा, शेजारचा पंप, सगळंच फिरून येतं. आकाशातली दिशा मात्र २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांनी परत येते. रोजचा चार मिनिटांचा फरक महिन्याला दोन तास होतो, सहा महिन्यांत बारा. म्हणून प्रत्येक मोजणीपुढे घड्याळाची वेळ लिहा, आणि सहा महिने लिहा. जानेवारीत पहाटे दिसणारी लय जुलैत संध्याकाळी दिसली तर ती ताऱ्यांची. तेव्हाही पहाटेच दिसली तर ती तुमच्या जिन्याची. अतिवाहक गुरुत्वमापकांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी शास्त्रज्ञ याच पद्धतीने चाळतात. आपल्या लंबकाने काही सापडायची आशा नाही, हे स्वच्छ सांगते. पण तार उन्हाने लांबते तेव्हा दोन्ही सारख्याच लांबतात आणि फरकात ते दिसत नाही, हे डोळ्यांनी बघायला मिळतं.

गुरुत्व आणि प्रकाश एकाच वेगाने जातात का, ही परीक्षा तर घरी होणारच नाही. ती १७ ऑगस्ट २०१७ ला झाली. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून निघालेल्या गुरुत्वलहरी आणि गॅमा किरण सुमारे १३ कोटी वर्षं प्रवास करून पोचले, आणि पोचण्यात अंतर १.७ सेकंदांचं. गुरुत्वाचा आणि प्रकाशाचा वेग वेगळा असेल म्हणणारे कितीतरी सिद्धांत त्या एका मोजमापाने गारद झाले. हिंगोलीत औंढा नागनाथजवळ गुरुत्वलहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहील तेव्हा असं मोजमाप आपल्याकडेही होईल. मी तिथवर जायला एस.टी.चं वेळापत्रक बघून ठेवलंय.

शेवटची सूचना मिठाबद्दल. जुलैत माझी मिठाची डबी ४ ग्रॅमने जड झाली, कारण झाकणातून ओल शिरली आणि मीठ एका बाजूला गोळा होऊन बसलं. मीठ आधी कढईत कोरडं भाजून घ्या, गार झाल्यावरच भरा, डबी ओट्यावर आपटून आपटून मीठ दाबून काठोकाठ करा आणि झाकणाची कड मेणबत्तीच्या मेणाने बंद करा. आकडीच्या भोकालाही मेण लावा. मी ते विसरले होते.